काही आणू नकोस हं

डिसेंबरात आमच्या बाल्कनीत दुपारी एक ते तीन एवढंच ऊन येतं आणि त्या दोन तासांवर घरातल्या सगळ्यांचा डोळा असतो. उशा असतात, मुलीचे न वाळलेले मोजे असतात, खुर्चीत सासूबाईंचे पाय असतात. परवा त्यात खोबरेल तेलाची बाटली पण होती. थिजून पांढरीफट्ट. ऊन जसं सरकत होतं तशी मी ती बाटली पुढे पुढे सरकवत होते, एका हातात फोन, एका हातात बाटली. लेबल तेलाने अर्धं पारदर्शक झालंय, पण नारळाच्या झाडाखाली 'अंदमान' अजून वाचता येतं. बिचाऱ्या तेलाला आमच्या पुण्याची थंडी नवीन असणार. चोविसाच्या खाली पारा गेला की खोबरेल थिजायला लागतं, आणि इथे तर सकाळी दहा-अकरावर येतोय.

तर ही बाटली म्हणजे आमच्या फेब्रुवारीतल्या ट्रिपची भेट. आणि भेट म्हटली की मला सगळ्यात आधी आठवतं ते वाक्य, जे निघायच्या आदल्या दिवशी फोनवर प्रत्येक जण म्हणतो, "काही आणू नकोस हं." त्यातला तो 'हं' नीट ऐकायचा असतो. माझी आत्या 'हं' जरा लांबवते, म्हणजे आणायचंय. थोरल्या जाऊबाई तोडून म्हणतात, म्हणजे आणायचंय आणि बरं आणायचंय. खरंच काही नको असणारा माणूस या विषयावर बोलतच नाही.

माझ्या लहानपणी बाबांना एलटीसी (नोकरीतली प्रवासाची सवलत) मिळायची आणि चार वर्षांतनं एकदा आम्ही लांब कुठेतरी जायचो. मी तिसरीत असताना कन्याकुमारीला गेलो. तिथे समुद्राच्या कडेला रंगीत वाळूच्या पुड्या विकायला होत्या, लाल, काळी, पिवळी, पांढरी, छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मेणबत्तीवर धरून बंद केलेल्या. स्वस्त, हलक्या, न सांडणाऱ्या (असं आईला वाटलं). आईने वीस घेतल्या. शिवाय शिंपल्यांची चौकट असलेला आरसा आत्यासाठी, आणि आमच्या शोकेसमध्ये ठेवायला शंख-शिंपल्यांचा एक गणपती ज्याच्या पायाशी लाल ऑइलपेंटने 'कन्याकुमारी' असं हिंदीत लिहिलेलं होतं. 'री' वरचा रंग ओघळलेला होता. त्या गणपतीची सोंड पहिल्याच दिवाळीत पडली, मग बाबांनी फेव्हिकॉलने चिकटवली ती जराशी उलटी, आणि तसाच तो पुढे पंधरा-सोळा वर्षं आमच्या टीव्हीच्या वर बसून होता.

पण मला खरी आठवते ती परतीची गाडी. रात्री जेवणं झाली, वरचा बर्थ उघडला, आणि आईने खालच्या बर्थवर चादर पसरून पुड्यांची वाटणी सुरू केली. बोटांवर मोजत होती. शेजारच्या काकू एक, वरच्या काकू एक, बाबांचे साहेब (त्यांना दोन रंग), दूधवाले दादा, माझ्या बाई. मोजून झालं की परत पहिल्यापासून, कारण एक कमी पडत होती. तिने तीन-चार वेळा मोजलं. मग हळूच दोन पुड्या फोडल्या, एका रिकाम्या पिशवीत दोन्हीतली थोडीथोडी वाळू ओतली, आणि समोरच्या बर्थवरच्या अनोळखी माणसाकडे काडेपेटी मागून ती पिशवी बंद केली. बोगीभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. ती तिसरी पुडी दोन रंगांची झाली, तांबूस-काळी, आणि सगळ्यात सुंदर तीच दिसत होती, आणि ती वरच्या काकूंना गेली ज्यांच्याशी आईचं पाण्याच्या वेळेवरनं वाजलेलं होतं. हे आईने का केलं ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही.

असो. तर अंदमान.

मला एक वाईट खोड आहे, कुठलीही वस्तू हातात घेतली की मी आधी ती उलटी करून बुड बघते. कुठे बनलीय. नवऱ्याला याची लाज वाटते, तो दुकानात माझ्यापासून चार पावलं लांब उभा राहतो. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे २०२४ पासून कागदोपत्री श्रीविजयपुरमच्या (रिक्षावाल्याला मात्र पोर्ट ब्लेअरच म्हटलेलं कळतं), अबर्डीन बाजारात मी पहिल्याच संध्याकाळी अशी दहा-बारा बुडं बघितली. फ्रिजवर लावायचा मॅग्नेट, त्यात एक माड, एक डॉल्फिन आणि खाली 'अंदमान'. आता हाच माड आणि हाच डॉल्फिन आमच्या फ्रिजवर आधीपासून आहे, खाली 'गोवा' लिहिलेलं. डॉल्फिनचं तोंडसुद्धा त्याच बाजूला. मी दुकानदाराला विचारलं, भैया, ये यहाँ बनता है क्या? त्याने माझ्याकडे इतक्या दयेने बघितलं. म्हणाला, मॅडम, यहाँ सिर्फ नाम चिपकता है.

मला तो माणूस आवडला. त्याच्याकडनं काही घेतलं मात्र नाही.

मग शंख-शिंपले. लहानपणच्या हिशोबाने समुद्राकाठी गेलं की शंख आणायचाच, पण इथे ते भलतंच अवघड प्रकरण. प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावरचा शिंपला, मूठभर वाळू, यातलं काही म्हणजे काही उचलून न्यायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सगळी प्रवाळं आणि कितीतरी शंख येतात, मेलेला असला तरी. दुकानातनं घेतलात तर पावती जपून ठेवा असं सगळे सांगतात, आणि म्हणून बरेच लोक सागरिका नावाच्या सरकारी एम्पोरियममध्ये जातात, तिथे पक्की पावती मिळते. आम्ही पण गेलो. तिथे टर्बो आणि ट्रोकसच्या शिंपल्यांच्या वस्तू होत्या, घासून आतला मोतिया थर वर काढलेला, दिवे, पेपरवेट, कानातली. मी एक कानातलं घेतलं आणि परत ठेवलं. कारण आदल्या दिवशी हॅवलॉकला (तेही आता स्वराज द्वीप) लेकीने वाळूत एक सुंदरसा शंख उचलला आणि तो तिच्या तळहातावर चालायला लागला. आतनं दोन डोळे, मग लाल नांगी. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. आमचा गाईड पोरगा म्हणाला, याला मोठं व्हायचं असलं की दुसरा मोठा शंख शोधावा लागतो, आणि आपण रिकामे म्हणून उचलून नेतो ते हेच सगळे. भाड्याच्या घरासाठी वणवण करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे चटकन कळेल. टीव्हीवरच्या त्या उलट्या सोंडेच्या गणपतीत किती घरं होती कुणास ठाऊक.

लेकीने तो खेकडा खाली ठेवला, डोळ्यांत पाणी वगैरे. आणि तरी एअरपोर्टवर सीआयएसएफच्या बाईंनी तिच्या पेन्सिलच्या पाऊचमधनं बोटाएवढं पांढरं प्रवाळ काढलंच. "मला फक्त वास घ्यायला हवं होतं" असं म्हणाली ती. बाईंनी ते बाजूच्या ट्रेमध्ये टाकलं, ट्रे निम्मा भरलेला होता. दुपारचे दोन पण वाजले नव्हते. बाई हसून तिला म्हणाल्या, बेटा, सबको वास ही लेना होता है. 'वास' हा शब्द तेवढ्यात त्यांनी आमच्याकडनं उचललेला.

घेतलं काय मग? पडौकचा एक चमचा. पडौक म्हणजे तिथलं लाकूड, ताजं कापलेलं तर पार विटेसारखं लाल. आम्ही चॅथमची सॉ मिल बघायला गेलो होतो, १८८३ पासूनची गिरणी, तिथे भुसासुद्धा लाल पडलेला होता. चमचा हातात घेतला तर आधी वजन जाणवतं. बुड उलटं करायची गरजच नव्हती. तो आता आमच्या मिठाच्या बरणीत असतो आणि मिठाने त्याची कड जराशी काळी पडलीय, त्याबद्दल मला वाईट वाटतं पण बाहेर पण काढवत नाही.

आणि एक होडी. वीतभर लाकडी नाव, एका बाजूला दोन आडव्या काड्यांवर बांधलेला तराफ्यासारखा ओंडका, तोल सांभाळायला. विकणारा म्हणाला, "ये होडी है." मी म्हटलं हो, होडीच आहे. तो म्हणाला, नहीं मॅडम, इसका नाम होडी है, निकोबारी होडी. मी म्हटलं, अहो आमच्याकडे पण हिला होडीच म्हणतात. मग आम्ही दोघं थोडा वेळ 'होडी, होडी' करत उभे राहिलो आणि नवरा चार पावलांवरनं आठ पावलांवर गेला. निकोबारी लोकांच्या या होडीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. निकोबारच्या बहुतेक बेटांवर आपल्यासारख्या टुरिस्टला खास परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे जिथे पाय ठेवायची परवानगी नाही तिथली नाव मी पाचशे रुपयांत पिशवीत घालून आणली. लेक ती बादलीत सोडते. खरंच तरंगते, आणि तो बाजूचा ओंडका काढला तर लगेच कलंडते, हे तिने काढून बघितलंय.

वाटायला मात्र तेल. चौदा घरं होती माझ्या यादीत, त्यातल्या नऊ घरांना तेल. दोनशे मिलीच्या बाटल्या, तिथल्याच नारळाचं. टॉवेलात गुंडाळून बॅगेत आडव्या-उभ्या रचल्या, आणि हॉटेलच्या पलंगावर बसून मी मोजायला लागले, आत्या एक, शेजारच्या काकू एक, आणि मोजून झालं की परत पहिल्यापासून. एक कमी पडत होती. नवरा म्हणाला, काय हसतेयस?

सेल्युलर जेल राहिलंच की सांगायचं. ते आम्ही पहिल्याच दिवशी केलं, मराठी माणूस तिथे पहिल्या दिवशी तेच करतो. १९०६ ला बांधून पूर्ण झालं तेव्हा इमारतीच्या सात पाकळ्या होत्या, आता तीन आहेत. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. जिन्यावरच साताऱ्या-सांगलीकडचं बोलणं ऐकू येत होतं. कोठडीच्या दारात एक आजोबा चपला काढून उभे होते, आणि मागची रांग काही बोलत नव्हती, जी एरवी आपली रांग कधी गप्प बसत नाही. खाली अंगणात शेडमध्ये कोलू, म्हणजे तेलाचा घाणा आहे, त्याला जुंपलेला कैद्याचा पुतळा. बैलाच्या जागी माणूस. आमच्या पिढीने हे सगळं शाळेत असताना ऐकलेलं, पाठ असलेलं. गाईड सांगत होता, दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून द्यायचं, नाही भरलं तर शिक्षा. लेक विचारत होती पौंड म्हणजे पैसे ना? मी म्हटलं वजन पण असतं, नंतर सांगते. मग ऊन फार झालं, शहाळं प्यायलो, संध्याकाळच्या लाइट अँड साउंडची तिकिटं काढायची होती.

हे झालं पहिल्या दिवशी. तेल घेतलं सहाव्या दिवशी.

परवा बाल्कनीत बाटली कडेकडेने विरघळली, मधे पांढरा गोळा तरंगायला लागला. सासूबाईंनी खुर्चीतनंच हात पुढे केला, मी झाकण काढून थोडंसं तळव्यावर ओतलं. त्यांनी दोन्ही हात चोळले, नाकाशी नेले.

"काय गं, घाण्याचं आहे ना हे? वासावरनंच कळतं."

"हो आई, असेल."

"आता कुठे मिळतं असं. कुणीतरी जीव लावून काढलंय."

मी झाकण लावलं. लेकीला ते पौंडाचं सांगायचं राहिलंच होतं, म्हणून फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. दोनशे मिलीची बाटली धरली तर सत्तरच्या पुढे बाटल्या. एका माणसाला, एका दिवसात.

ऊन कठड्यावर गेलं होतं. सासूबाईंनी उरलेलं तेल पायांच्या भेगांना लावलं आणि म्हणाल्या, थोडंच राहिलंय, जपून वापरते.