प्लाझ्मातली अमिनो आम्लं मोजताना

प्लाझ्मातली अमिनो आम्लं मोजायचं काम हाती घेतलं, तेव्हा सगळी धास्ती यंत्राची होती. हात बसल्यावर कळलं, निकाल बराचसा नमुना कॉलमपर्यंत, म्हणजे यंत्रातल्या अमिनो आम्लं वेगळी करणाऱ्या नळीपर्यंत, पोचायच्या आतच ठरून जातो.

रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घ्यायचं, बर्फात ठेवायचं आणि प्लाझ्मा, म्हणजे पेशींवेगळा द्रव, लवकरात लवकर वेगळा करायचा. तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं आर्जिनेज हे एन्झाइम आर्जिनिनचं ऑर्निथिन करत राहतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटचा थर पिपेटमध्ये ओढला गेला, की टॉरिनचा आकडा फुगतो. म्हणून त्या थरावरचा थोडा प्लाझ्मा मी सोडूनच देते. नमुना कमी पडला तरी चालेल. नमुना उबेत राहिला तर ग्लुटामिन घटतं, ग्लुटामेट वाढतं. कुठलाही निकाल हातात आला की आधी ही जोडी बघते. नमुन्याचे हाल झाले असतील तर ते तिथे दिसतात.

मग सल्फोसॅलिसिलिक आम्ल. ते पडताच प्लाझ्मा दुधासारखा पांढरा होतो, प्रथिनं साकळून खाली बसतात. नॉरल्युसिन, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या मात्रेत घातलेलं अमिनो आम्ल, मी या आम्लातच मिसळून ठेवते. पुढे द्रव थोडा कमी-जास्त झाला तरी हिशोब त्याच्यावरून जुळतो. सेंट्रिफ्यूज करून वरचा नितळ द्रव गाळून घ्यायचा.

कॉलममध्ये भरलेले रेझिनचे बारीक कण ऋणभारित. पीएच २.२ च्या आसपास अमिनो आम्लांवर धनभार असतो, त्यामुळे ती रेझिनला धरून बसतात. लिथियम सायट्रेट बफरचा पीएच आणि क्षार वाढवत नेले की एकेक सुटतं: टॉरिन अगदी सुरुवातीला, आर्जिनिन शेवटी. प्रथिनांच्या हायड्रोलायझेटला (प्रथिनं आम्लात तोडून मिळालेल्या द्रवाला) सोडियमचे बफर पुरतात, कारण तिथे ग्लुटामिनचं ग्लुटामेट आधीच झालेलं असतं. प्लाझ्मात दोन्ही वेगळी दिसायला हवीत, म्हणून लिथियम. कॉलममधून बाहेर आलेल्या द्रवात निनहायड्रिन हे रंग आणणारं रसायन मिसळून साधारण १३० अंशांना तापवलं की जांभळा रंग येतो, तो ५७० नॅनोमीटरला मोजतात. प्रोलिन पिवळं, ते ४४० ला. स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी १९५८ मध्ये स्वयंचलित केलेल्या पद्धतीचा गाभा आजही हाच आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

क्रोमॅटोग्राम, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लाचं शिखर दाखवणारा आलेख, आला की थ्रिओनिन आणि सेरिन यांच्यामधली दरी बघते. ती भरत चालली असेल तर कॉलम थकला.

नवजात बाळाच्या नमुन्यात मात्र नजर आधी आयसोल्युसिनच्या अलीकडे जाते. मेपल सिरप युरिन डिसीज (ल्युसिनसारखी अमिनो आम्लं शरीरात मोडली न जाण्याचा जन्मजात आजार) असेल तर तिथे अलोआयसोल्युसिनचं शिखर उठतं. सिस्टाथायोनिनही त्याच्या जवळच येतं, म्हणून अलोआयसोल्युसिनचं शुद्ध मानक मिसळून नमुना पुन्हा चालवते. पण डॉक्टरांना फोन त्याआधीच करते. दुसऱ्या फेरीला काही तास जातात, आणि बाळाचं ल्युसिन तोवर वाढतच असतं.