कोकिळाला चिडवण्याचा खेळ

चैत्राच्या आसपास कोकीळ गाऊ लागला की ‘कुहू’ अशी साद घालून त्याला चिडवण्याचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खेळलेला असतो. गाणारा नर असतो, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. ठिपकेदार तपकिरी मादीच्या वाट्याला केवळ ‘किक् किक्’ असा कर्कश आवाज आला असूनही कवींनी गाण्याचे सारे श्रेय तिलाच देऊन टाकले आहे. नराची साद मुळातच चढत्या पट्टीतली असल्यामुळे तो आपल्याला उत्तर देतो आहे की आपल्याच नादात ओरडतो आहे, हे दर वेळी सांगता येत नाही. मुलांना मात्र त्याविषयी तिळमात्र शंका नसते, आणि त्यांचा तो समज दूर करावा असे मलाही वाटत नाही.

निसर्गाविषयीचा जिव्हाळा माहितीपेक्षा अशा खेळातून अधिक लवकर रुजतो, असे माझे मत आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर भाचरांना घेऊन जातो तेव्हा पक्ष्यांची नावे मी आधी सांगत नाही. आम्ही तांबट शोधण्याचा खेळ खेळतो. हा चिमणीपेक्षा जेमतेम मोठा हिरवा पक्षी, कपाळावर आणि छातीवर तांबडा, भर उन्हात एका लयीत ‘टुक् टुक् टुक्’ करत असतो, आणि तसे करताना मान या बाजूकडून त्या बाजूकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून येतो आहे असे वाटून मुले चकतात. वड, पिंपळ किंवा उंबर फळला असेल, तर त्याच्या शेंड्याकडच्या वाळक्या फांद्या आधी पाहाव्यात. एकदा तो दिसला आणि प्रत्येक ‘टुक्’सरशी त्याचा गळा फुगताना पाहिला, की मग मुले स्वतःहूनच त्याचे नाव विचारतात.

या खेळाला एकच पथ्य आहे. तोंडाने दोन-चार वेळा साद घालावी आणि थांबावे. मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजवू नये. विणीच्या दिवसांत प्रतिस्पर्धी आला असे समजून नर चारा शोधायचे सोडून त्याच्या मागे लागतो. असे करणारी मोठी माणसे टेकडीवर भेटतात, तेव्हा मी स्पष्टपणे हरकत घेतो.

पावसाच्या तोंडावर पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडू लागतो. तो स्वतः अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळा होतो, हे ऐकून भाचीला फार हसू आले होते. तरीही गेल्या ज्येष्ठात त्याचा शब्द प्रमाण मानून तिने गॅलरीतल्या कुंडीत धणे पेरले. मुसळधार पावसात कोथिंबीर सडते, असे आईने तिला बजावले होते, परंतु पावशाने तसे काही सांगितलेले नाही, असे तिचे म्हणणे पडले.