मुनीमकाकांनी न दिलेला बळी

परभणीत मी बुद्धिबळ शिकवतो. शिकायला येतात ती बहुतेक मुलंच. मोठी माणसं येतात आणि दोन-तीन महिन्यांत गळतात. मोंढ्यात एका अडतीवर मुनीम असलेले काका मात्र टिकले.

पन्नाशीनंतर लक्षात राहत नाही, असं सगळे म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडलेला प्रयोग बघा. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर मास्टर, म्हणजे निष्णात खेळाडू, त्यातले बरेचसे मोहरे बरोबर जागी मांडतो. तेच मोहरे वाटेल तसे विखुरले, की तो नवख्याच्या फारसा पुढे राहत नाही. म्हणजे फरक स्मरणशक्तीचा नाही, ओळखीचा आहे. सोयाबीनच्या ढिगात हात घातला की ओलावा १२ टक्क्यांच्या वर की खाली, हे काका मशीन लावायच्या आधी सांगतात. पटावर मात्र ते प्रत्येक चाल शून्यापासून मोजायचे.

म्हणून त्यांना थोडीच कोडी दिली, तीच पुन्हा पुन्हा सोडवायला. मोबाइलवर घाईघाईनं रोज शंभर नवी कोडी उडवण्यानं मोठ्या माणसाच्या हाती काही लागत नाही. माझ्या वहीत आणखी एक गोष्ट असते : बळी, म्हणजे पुढच्या फायद्यासाठी आपलाच मोहरा मुद्दाम देणं, जिथं फसतो अशी कोडीही मी न सांगता मिसळतो. पालक तक्रार करतात, ‘सर, याला उत्तरच नाही.’ ‘नाही’ हेच उत्तर आहे, हे त्यांना पटवता पटवता मी थकतो.

लातूरच्या रॅपिड स्पर्धेत काकांच्या पटावर उंटाच्या बळीचा तोच जुना आकार आला. काकांचा पांढरा उंट डी ३ या घरावर, घोडा एफ ३ वर, प्यादं ई ५ वर. काळ्याचा किल्लेकोट झालेला, म्हणजे राजा कोपऱ्याकडे नेलेला, आणि एच ७ राखायला एफ ६ वर घोडा नाही. उंटानं एच ७ चं प्यादं मारून शह, राजानं उंट मारला की घोडा जी ५, मग वजीर एच ५ आणि एच ७ वर मातीची धमकी. मागे उभी असलेली माझी पोरं चुळबुळायला लागली. काकांनी बराच वेळ घेतला आणि हत्ती ई १ वर आणला. डाव बरोबरीत सुटला.

बाहेर आल्यावर एक पोरगा म्हणाला, “काका, उंट द्यायचा ना!”

“अरे, ई सहाचं प्यादं कुठाय त्याचं? त्याचा सी आठचा उंट एफ पाचला आला की एच सात राखला जातोय. मग माझा वजीर काय करील तिथं?”

बरोबर होतं. स्पर्धेच्या तक्त्यावर मात्र अर्धाच गुण दिसतो आणि बघणाऱ्यांच्या मते काकांची संधी हुकली.

मला अजून उलगडत नाही ते वेगळंच. नेमकं हे कोडं माझ्या वहीत नव्हतं. काकांना विचारलं, आधी बळी दिसला आणि मग मोजून सोडला का? ते म्हणाले, “न्हाई सर, आधी त्याचा उंटच दिसला. एच सातकडं नंतर बघितलं.” मग इतका वेळ कशात गेला? “दिसलं ते खरं का, ते मोजत होतो.”