फुटव्हॉल्व्ह आणि द्विदल झडप

पोळ्याचा आदला दिवस, रात्रीचे साडेनऊ.

संध्याकाळी गोठ्यात बैलांची खांदेमळणी चालू असताना धाकट्या भावाने हळद-तुपाने माखलेले हात धोतराला पुसत विचारले, "अक्का, तुझ्या त्या झडपेचं काय झालं मग?" एप्रिलपासून माझ्या हृदयाच्या झडपेचा हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने विचारला आहे आणि मी प्रत्येकाला वेगवेगळे, बहुतेक वेळा अर्धवट, उत्तर दिले आहे. आज ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे म्हणून वही उघडली.

सुरुवात सकाळच्या शाळेत झाली. पारा 42 च्या वर गेला होता आणि परिपाठाला उभी असताना छातीत एक ठोका चुकल्यासारखे झाले. मग लगेच एक जोरदार ठोका गळ्यापर्यंत जाणवला आणि पुढची दोन-तीन मिनिटे नुसती धडधड. त्यानंतर हे अधूनमधून होऊ लागले. डाव्या बाजूला टाचणी टोचावी तशी कळ यायची आणि काही सेकंदांत जायची. पण गच्चीवर पाण्याची बादली घेऊन चढताना मात्र काहीच व्हायचे नाही. बसलेली एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तालुक्याच्या गावी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी पडद्यावरून नजर न काढता "झडपेत दोष आहे, जपून राहा" एवढे एकच वाक्य सांगून फाइल हातात दिली. जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. वर्षानुवर्षे सातवी-आठवीला विज्ञान शिकवणारी मी, पण त्या महिन्यात जिना चढतानाही पायऱ्या मोजत होते.

मे महिन्यात परभणीहून सकाळच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरला जाऊन हृदयरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी इकोच्या कागदाकडे बघण्याआधी मला उकिडवे बसायला लावले, छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, मग तसाच ठेवून उभे राहायला सांगितले आणि पुन्हा बसवले. मला हा काय कवायतीचा प्रकार, असे वाटले. ते हसून म्हणाले, "बाई, तुमची झडप बोलते. उभ्या राहिलात की लवकर बोलते, बसलात की उशिरा."

त्याचा अर्थ असा. डाव्या अलिंदातून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) डाव्या निलयात (खालच्या कप्प्यात) रक्त सोडणारी जी द्विदल झडप आम्ही फळ्यावर काढतो, तिच्या दोन पाकळ्या असतात आणि त्या बारीक तंतूंनी निलयाच्या भिंतीवरच्या स्नायूंना बांधलेल्या असतात. निलय आकुंचन पावला की पाकळ्या मिटतात आणि तंतू त्यांना मागे उलटू देत नाहीत. माझ्या झडपेची मागची पाकळी थोडी जाडसर आणि सैल आहे, त्यामुळे मिटल्यावर ती अलिंदाच्या बाजूला फुगते, वाऱ्यात छत्रीचे कापड एका बाजूने वर उचलले जावे तशी. फुगता फुगता तंतू एकदम ताणले जातात आणि एकाच ठोक्यातल्या 'लब' आणि 'डब' या दोन आवाजांच्या मध्ये एक बारीक 'क्लिक' ऐकू येतो. उभे राहिले की पायांकडे रक्त ओढले जाते, निलयात रक्त कमी भरते, पाकळीला सैलपणा जास्त मिळतो आणि क्लिक आधी येतो. उकिडवे बसले की रक्त हृदयाकडे परत येते आणि क्लिक उशिरा येतो. जोहान्सबर्गचे डॉक्टर जॉन बार्लो यांनी 1963 साली दाखवून दिले की हा आवाज या झडपेचाच आहे. त्याआधी बराच काळ तो हृदयाबाहेरच्या आवरणाचा समजत.

भावाला मी पहिल्यांदा हे सांगितले तेव्हा त्याने तत्काळ निकाल दिला होता, "म्हणजे फुटव्हॉल गेला म्हण की." विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला बसवलेला फुटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही, तो गळू लागला की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी पाणी ओतून मोटार भरावी लागते. उपमा जवळची आहे, पण माझ्या बाबतीत चुकीची. झडप फुगणे आणि झडप गळणे या दोन गोष्टी आहेत. इकोमध्ये पाकळी झडपेच्या कड्याच्या रेषेमागे 2 मिलिमीटरपेक्षा जास्त गेली तरच त्याला प्रोलॅप्स म्हणतात. माझी 3 मिलिमीटर जाते आणि गळती नावापुरती आहे. गळती खूप वाढली, किंवा तंतू तुटला, तर मात्र प्रकरण वेगळे होते: सपाट झोपल्यावर दम लागतो, पाय सुजतात, आणि मग शस्त्रक्रियेने झडप दुरुस्त करण्याचा विचार होतो. बहुतेकांवर ही वेळ येत नाही.

आईची भीती आणखी वेगळी होती. माझ्या आत्याची झडप संधिवाताच्या तापाने अरुंद झाली होती. लहानपणी घसा धरला, सांधे सुजले आणि पुढे ऐन तिशीत तिला दम लागू लागला. घशातल्या जंतुसंसर्गातून येणारा तो आजार आणि माझी ही जन्मजात सैल ठेवण यांचा संबंध नाही, हे आईला पटायला दोन रविवार लागले.

मला स्वतःला सगळ्यात उशिरा पटलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रोलॅप्स 100 जणांत दोन-तीन जणांना असतो आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या पाहणीत असे दिसले की छातीत दुखणे आणि दम लागणे हे प्रोलॅप्स असलेल्यांत आणि नसलेल्यांत जवळजवळ सारखेच होते. म्हणजे माझी टाचणीसारखी कळ झडपेमुळेच येते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. (हा शब्द नकळत लिहिला गेला, राहू दे.) 24 तासांच्या होल्टर तपासणीत (छातीला छोटे यंत्र लावून ठोक्यांची सलग नोंद घेतात ती) अधूनमधून एखादा जादा ठोका दिसला. असा ठोका वेळेआधी पडतो, त्यामागे थोडी विश्रांती येते आणि पुढचा ठोका जास्त जोराने बसतो. आपल्याला जाणवतो तो हा जोराचा ठोका, आणि आपण म्हणतो, ठोका चुकला. त्रास वाढला तर ठोके मंद करणारी, बीटा-ब्लॉकर गटातली गोळी देता येईल, तूर्त गरज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. "शुद्ध हरपली किंवा धडधड थांबेनाच, तर मात्र लगेच या," हेही बजावले.

मग त्यांनी विचारले, "दिवसभरात पाणी किती पिता?"

मी खरे सांगितले. शाळेच्या वेळेत एक घोट नाही. आमच्या शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही आणि पाणीही नसते, म्हणून आम्ही तिन्ही शिक्षिका घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणी टाळतो. ही सवय इतकी जुनी आहे की तिच्याकडे सवय म्हणूनही कधी पाहिले नव्हते. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये, उन्हात, पाण्याशिवाय सहा तास. शरीरात पाणी कमी म्हणजे निलयात रक्त कमी, म्हणजे पाकळी जास्त सैल, म्हणजे उभे राहिले की अंधारी आणि धडधड. उभे राहण्या-बसण्याच्या कवायतीत जे त्यांनी कानाने ऐकले, तेच मी रोज परिपाठाला उभी राहून करत होते. झडपेला घाबरण्यात एक महिना घालवला आणि कडीसाठी मात्र एक अर्जही लिहिला नव्हता.

अर्ज जूनमध्ये दिला. कडी बसली, पाण्याची टाकी अजून नाही; आम्ही बादली भरून ठेवतो.

दाढ काढायची आहे, त्याआधी प्रतिजैविक घ्यावे लागेल असे सासूबाईंना कोणीतरी सांगितले होते. 2007 पासून अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत साध्या प्रोलॅप्ससाठी ते सांगितलेले नाही. दात स्वच्छ ठेवणे महत्त्वाचे. चहा चार कपांवरून दोनवर आणला आहे, हा खरा त्याग. पुढचा इको तीन वर्षांनी.

गोठ्यात भावाला यातले निम्मेच सांगून झाले, तोवर बैलाने शेपटीने तुपाची वाटी लवंडली. तो ती उचलत म्हणाला, "म्हणजे फुटव्हॉल ठीक आहे, विहिरीतच पाणी कमी होतं."

या वेळी मी दुरुस्ती केली नाही.