सतरा नंबर फॉर्मवाल्या बाया

आज कापूस वेचून आलेल्या बायांना अंकगणिती श्रेढी शिकवत होते. पहिल्या महिन्यात 100 रुपये बचत, मग दर महिन्याला 10 वाढवायचे, वर्षाचे किती? मी सूत्र लिहायला फळ्याकडे वळले, तोवर बचत गटाचा हिशोब ठेवणाऱ्या काकू म्हणाल्या, "पयल्या अन् शेवटच्या मयन्याचे मिळून 310, अशा सहा जोड्या. 1860 झाले ना मॅडम!"

अंगावर काटा आला. लग्नापायी सातवीतच शाळा सुटलेली ही बाई! आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसताहेत. डोक्यात उत्तर तयार असतं, पण पेपरात पायऱ्यांना मार्क असतात, त्या लिहिण्याचीच सवय लावतेय. त्यांना खरी धास्ती इंग्रजीची.

कोणाकडे दहावीच्या जुन्या इंग्रजी प्रश्नपत्रिका असतील तर सांगा, दारव्ह्यापर्यंत येऊन घेऊन जाईन.