काल्यो

इंदूरच्या महात्मा गांधी मार्गाजवळच्या ज्या जुन्या इटालियन रेस्टॉरंटचे स्वयंपाकघर मी सांभाळतो, तेथे जैन कुटुंबांची ऑर्डर संध्याकाळी साडेपाचलाच लागते, कारण त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे असते. कांदा आणि गाजर वर्ज्य म्हटले की इटालियन फोडणीतली फक्त सेलरी उरते. त्यामुळे आमच्या जैन रिसोटोची, म्हणजे इटालियन भाताची, चव टोमॅटो, सेलरीचे पाणी आणि शेवटी घातलेले चीज यांवरच उभी असते. ती बसवायला मला काही वर्षे लागली.

त्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा मिलानहून आला होता. सोबत आणलेला पार्मिजानो रेज्जानो चीजचा तुकडा त्याने हेल्परकडे दिला आणि घरच्यांच्या रिसोटोत हेच घाला, असे सांगितले. मी आर्बोरियो तांदळात पळीपळीने उकळते पाणी घालत अठरा मिनिटे हलवत होतो. हेल्परने पुढे केलेली किसलेल्या चीजची वाटी मी नेहमीचीच समजलो. गॅस बंद करून लोणी आणि चीज मिसळले, चार ताटल्या वाढल्या, आणि मग ओट्यावरचे वेष्टन दिसले : दूध, मीठ, काल्यो. काल्यो म्हणजे रेनेट, चीजसाठी दूध गोठवणारा पदार्थ, आणि या चीजला नियमाने वासराच्या जठरातलेच रेनेट लागते. आम्ही हिरव्या ठिपक्याचे, सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे चीज वापरतो.

मॅनेजर म्हणाले, "चीज त्यांचेच आहे, आपण कशाला बोलायचे? दिवस मावळतो आहे." हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. त्या मुलाच्या आजी आमच्या भरवशावर जेवतात. चारही ताटल्या मी टाकून दिल्या, पातेले घासून घेतले आणि पुन्हा तांदूळ परतायला घेतला. दुसऱ्यांदा ताटल्या टेबलावर पोचल्या तेव्हा समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर अजून ऊन होते.

मुलाला बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्याचा चेहरा उतरला. "काका, आजीने मघाशी घरीच याचा एक तुकडा खाल्लाय. तिला सांगू नका."

मी सांगितले नाही. निघताना आजींनी मला बाहेर बोलावून घेतले, हात जोडले आणि म्हणाल्या, "बेटा, आपके यहाँ पूछना नहीं पड़ता।"

येत्या रविवारी साडेपाचला त्यांचेच टेबल आहे. वहीत नावापुढे "जैन" मीच लिहिले आहे.