इंग्लंडमध्ये सेकंडहँड गाडी, भरलेला रोड टॅक्स आणि तरीही दंड

इंग्लंडमध्ये जुनी गाडी घेणार असाल तर रोड टॅक्स स्वतः भरा. स्वतःच्या फोनवरून आणि नव्या मालकाला मिळणाऱ्या हिरव्या स्लिपवरचा नंबर टाकून. डीलर "आम्हीच भरून देतो" म्हणाला तरी त्याला हात लावू देऊ नका. एवढं ठासून सांगतेय, कारण माझी गेली दिवाळी त्या डीलरच्या मागे फोन करण्यात गेली आणि तो राग अजून उतरलेला नाही.

गाडी शोधणं, चालवून बघणं, भाव ठरवणं, विमा काढणं, सगळं सुरळीत झालं. एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची तपासणी, नुकतीच झालेली होती. गाडी काही महिने डीलरच्याच नावावर होती, त्यांच्या गिऱ्हाइकांना तात्पुरती वापरायला देत असत. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच घोळ झाला.

इथे टॅक्स भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि आधीच्या मालकाने भरलेला टॅक्स आपल्याला चालत नाही. गाडी विकल्याचं त्याने सरकारला कळवलं की त्याचा टॅक्स रद्द होतो, उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे त्याला परत मिळतात आणि आपण नव्याने भरायचा. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही. पुण्यात आम्ही जुनी गाडी घेतली होती, तेव्हा पहिल्या मालकाने भरलेला एकरकमी कर गाडीबरोबरच आमच्याकडे आला. आरटीओत नाव बदललं, कर पुन्हा कोणी मागितला नाही.

तर डीलरच्या टेबलावर विक्रीवाल्या मुलाने लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, समोर ठेवलं, नंबर टाकला, माझ्या कार्डावरून १९५ पौंड घेतले आणि स्क्रीन फिरवून दाखवली: टॅक्स भरला. त्यातली हिरवी स्लिप फाडून पाकिटात घालून दिली. मी गाडी घेऊन घरी आले. थोड्या दिवसांनी माझ्या नावाचं नवं लॉगबुकही पोस्टाने आलं. सगळं झालं असंच कोणालाही वाटलं असतं.

मग दंडाचं पत्र आलं. तुमच्या गाडीचा टॅक्स भरलेला नाही, ८० पौंड भरा, ३३ दिवसांत भरलेत तर ४०. मी बँकेचं स्टेटमेंट काढलं. पैसे गेलेले स्पष्ट दिसत होते. सरकारच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला तर लाल अक्षरांत: टॅक्स नाही. म्हणजे मी रोज मुलीला शाळेत सोडत होते, मोटरवेवरून ऑफिसला जात होते, ते सगळं बिनटॅक्सच्या गाडीतून. पोटात गोळा आला. कॅमेऱ्याने टिपलं असतं किंवा गाडीला जॅमर लागला असता, तर मी कोणाला काय सांगणार होते?

दंडाचं पत्र पाठवणाऱ्या सरकारी खात्याला फोन केला. लागायला वेळ लागला, पण पलीकडच्या बाईंनी शांतपणे उलगडून सांगितलं. लॉगबुकवर ११ आकडी नंबर असतो, तो नोंदीत असलेल्या जुन्या मालकाचा. हिरव्या स्लिपवर १२ आकडी नंबर असतो, तो नव्या मालकासाठी. डीलरच्या मुलाने ११ आकडी नंबर टाकला होता. म्हणजे पैसे माझे, पण टॅक्स भरला गेला डीलरच्या नावावर. मग त्यांनी सावकाश, दोन-एक आठवड्यांनी गाडी विकल्याचं कळवलं. कळवताक्षणी "त्यांचा" टॅक्स रद्द झाला आणि उरलेल्या ११ महिन्यांच्या परताव्याचा चेक त्यांच्याच पत्त्यावर गेला. माझ्या पैशांचा चेक!

त्याच दिवशी मी नवं लॉगबुक घेऊन पुन्हा १९५ पौंड भरले. (दरमहा डायरेक्ट डेबिटने भरता येतो, पण ५ टक्के जास्त पडतात, माझे वर्षाचे २०४.७५ झाले असते. एकदम जमत असेल तर एकदम भरा.) त्यानंतर डीलरकडे गेले.

पहिल्यांदा तो मुलगा म्हणाला, सिस्टिमची चूक असेल. मी दोन्ही नंबर दाखवले तर म्हणाला, मॅनेजरशी बोला. मॅनेजर सुट्टीवर. मॅनेजर आले तर म्हणाले, हे अकाउंट्सकडे आहे. अकाउंट्सचा फोन कोणी उचलेना, ईमेलला आपोआप येणारं उत्तर. कोणी उद्धट बोललं नाही, आणि त्याचाच जास्त संताप होत होता. सगळे "सॉरी" म्हणत आणि कोणी काही करत नसे. परतावा मिळालाच नाही असंही एकदा सांगून झालं. दंडाच्या सवलतीची मुदत संपत आली होती, आणि दंड मागे घ्यायला मला त्यांच्याकडून दोनच ओळी लेखी हव्या होत्या: या बाईंनी विक्रीच्या दिवशी टॅक्सचे पैसे दिले, नंबर आम्ही चुकीचा टाकला. त्या दोन ओळी द्यायला ते तयार नव्हते.

शेवटी लोकांना सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. सेवा फुकट आहे, माझ्यासारखं उशिरापर्यंत थांबू नका. त्यांनी सांगितलं, तोंडी बोलणं बंद करा, एक पत्र लिहा. काय झालं, किती पैसे, किती दिवसांत हवेत, आणि नाही दिले तर स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, दावा लावणार. मी स्टेटमेंटची प्रत, हिरव्या स्लिपचा फोटो आणि दंडाचं पत्र जोडून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. मग मात्र अकाउंट्सना फोन सापडला. पैसे आले, लेखी ओळीही आल्या, त्या दंडाच्या पत्त्यावर पाठवल्या आणि दंड मागे घेतल्याचं पत्र आलं. त्या दिवशी मी घरी येऊन श्रीखंड काढलं, खोटं कशाला सांगू.

हिरव्या स्लिपचा फोटो मी सवयीने काढून ठेवला होता. तुम्हीही काढा, आणि विक्रीच्या पावतीवर वेळसुद्धा लिहून घ्या.

आता माझं मत. १९२१ पासून इथे गाडीच्या काचेवर टॅक्सची गोल कागदी चकती लावावी लागे. १ ऑक्टोबर २०१४ ला ती बंद झाली. कॅमेरे नंबरप्लेट वाचतात, कागद कशाला, हे कारण. पण ती चकती फक्त पोलिसांसाठी नव्हती. परतावा हवा तर चकती काचेवरून काढून अर्जासोबत परत द्यावी लागे. म्हणजे गाडी माझ्या दारात, चकती माझ्या काचेवर, आणि माझ्या टॅक्सचे पैसे भलत्याच्या खिशात, हे होऊच शकत नव्हतं. टॅक्स गाडीबरोबर येई आणि तो कधी संपतो ते विकत घेणारा काचेतून वाचू शके. आता नोंद सरकारच्या संगणकात बदलते आणि ज्याला दंड बसणार त्याला ती गाडीवर कुठेच दिसत नाही. सरकारच्याच रस्त्यावरच्या पाहणीत बिनटॅक्स गाड्या २०१३ मध्ये ०.६ टक्के होत्या, २०१७ मध्ये १.८ टक्के. हे सगळे टॅक्सचोर आहेत असं मला आता अजिबात वाटत नाही. कागदाला खर्च येतो, चकत्या चोरीलाही जात असतील, मान्य. तरी मला ती काचेवर परत हवी आहे. ते जमत नसेल तर निदान टॅक्स रद्द होताना नव्या मालकाला त्याच दिवशी एक मेसेज तरी जावा.

तोवर वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून बघत जा. लॉगिन लागत नाही, टॅक्स आणि एमओटी दोन्हींच्या तारखा दिसतात. विकत घेतल्यावर लगेच बघून भागत नाही, माझ्याकडे तेव्हा बरोबरच दिसत होतं. नवं लॉगबुक हातात आलं की पुन्हा बघा.

आणि एक राहिलंच. गाडी महिन्याच्या शेवटी घेऊ नका. नवा टॅक्स महिन्याच्या पहिल्या तारखेपासून धरतात, विकणाऱ्याला परतावा मात्र पुढच्या महिन्यापासूनचा. २९ तारखेला घेतलीत तरी तो अख्खा महिना तुम्हीही भरता आणि त्यानेही भरलेला असतो. दोन दिवस थांबा.